‘मायदेशी परतले’ या वाक्याविषयी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वळिवडे येथील पोलिश निर्वासितांच्या छावणीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. छावणीतील शाळा, चर्च, बराकींच्या रांगा आणि कोल्हापूरच्या बाजारपेठेत येणाऱ्या त्या परक्या बायका-मुलांबद्दल इथल्या लोकांना वाटलेले कुतूहल हे सारे लेखकाने जिव्हाळ्याने टिपले आहे, त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच करायला हवे. माझी हरकत शेवटच्या परिच्छेदातील एका वाक्याला आहे. ‘युद्ध संपले, पोलंड स्वतंत्र झाला आणि हे पाहुणे आपल्या मायदेशी परतले,’ असे ते वाक्य आहे. वाचायला गोड वाटणाऱ्या या वाक्यात तीन विधाने आहेत आणि त्यांतले पहिलेच तेवढे खरे आहे. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक असल्यामुळे अशी वाक्ये लाल शाईने खोडण्याची सवय मला अजून सोडत नाही, हे आधीच कबूल करतो.

वळिवड्याला आलेली माणसे बहुतांशी पूर्व पोलंडमधली होती. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पाठोपाठ पूर्वेकडून सोव्हिएत संघाने पोलंडचा घास घेतला, आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत सोव्हिएत राजवटीने पूर्वेकडच्या लाखो पोलिश नागरिकांना गाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या मुलखांत नेऊन टाकले. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, त्यानंतर जुलैअखेर पोलंडच्या परागंदा सरकारचा मॉस्कोशी करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. सुटका झालेल्या पोलिशांतून उभ्या राहिलेल्या जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर ते इराणमध्ये उतरले, आणि त्यांतली सुमारे पाच हजार माणसे, प्रामुख्याने बायका, मुले आणि वृद्ध, १९४३ पासून आपल्या वळिवड्यात राहिली. त्यांचे बाप, नवरे आणि भाऊ आंदेर्स यांच्या सैन्यातून इटलीत लढत होते. काहींची रवानगी ब्रिटनमधील पोलिश हवाई दलात आणि नौदलातही झाली होती.

ही माणसे परत का गेली नाहीत, हे समजून घ्यायचे तर छावणीपेक्षा त्या हवाई दलातील एका स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या तुकडीचा, इतिहास अधिक उपयोगी पडतो, असे मला वाटते. तिचे नाव ३०३ स्क्वाड्रन. आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हटले की पोलिसाच्या खांद्यावरची जुनी बंदूक आठवते. त्या बंदुकीचा या क्रमांकाशी संबंध नाही. ब्रिटिशांनी आपल्या हवाई दलात सामील झालेल्या मित्रराष्ट्रांच्या स्क्वाड्रनना तीनशेच्या पुढचे आकडे दिले होते, त्यांत पोलंडच्या वाट्याला ३०० ते ३०९ हे आकडे पहिल्यांदा आले. योगायोग इतकाच, की या स्क्वाड्रनच्या हरिकेन विमानांच्या पंखांत बसवलेल्या आठही मशीनगन त्याच ०.३०३ इंच व्यासाच्या गोळीच्या होत्या.

क्रमांक ब्रिटिश असला तरी नाव मात्र जुने आणि पोलिश होते, ते म्हणजे कोश्चुश्को. तादेउश कोश्चुश्को हा अठराव्या शतकातला पोलिश सेनानी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्याने तिथे तटबंदीची कामे केली, आणि मायदेशी परतल्यावर १७९४ मध्ये रशियाविरुद्ध उठाव केला. त्या उठावात शेतकरी गवत कापण्याच्या लांब दांड्याच्या विळ्यांची पाती भाल्यासारखी उभी ठोकून लढाईत उतरले होते. मावळ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला अवघड जाणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला आणि लगेच त्याचे बोल्शेविक रशियाशी युद्ध जुंपले, तेव्हा मेरियन कूपर आणि सेड्रिक फाँटलरॉय यांच्यासारखे काही अमेरिकन वैमानिक कोश्चुश्कोचे ऋण फेडण्यासाठी म्हणून पोलंडला आले. १९१९ च्या अखेरीस ते ल्वूव शहरातील सातव्या वैमानिक तुकडीत दाखल झाले आणि त्या तुकडीला कोश्चुश्कोचे नाव मिळाले. तिचे बोधचिन्ह त्यांच्यातल्याच एलियट चेस या अमेरिकन वैमानिकाने काढले. अमेरिकन ध्वजाचे तारे आणि पट्टे, त्यावर पोलिश शेतकऱ्याची चौकोनी टोपी आणि एकमेकांवर तिरपी ठेवलेली दोन विळ्यांची पाती असे ते चिन्ह आहे. ल्वूव हे शहर वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन विमाने पोलंडवर चालून आली, तेव्हा या तुकडीची वारसदार असलेली १११ वी तुकडी वॉर्सॉच्या संरक्षणासाठी नेमलेल्या लढाऊ ब्रिगेडमध्ये होती. तिच्या विमानांची, म्हणजे पी-११ ची, चाके पोटात घेता येत नव्हती आणि वैमानिकाची बसण्याची जागा उघडी होती. शत्रूचे विमान त्यांच्याहून कितीतरी वेगवान होते. पुष्कळदा सांगितले जाते त्याप्रमाणे पोलिश हवाई दल जमिनीवरच नष्ट झाले, ही गोष्ट खरी नाही. युद्धाआधीच विमाने साध्या मैदानांवर हलवून ठेवली होती आणि ती लढली. पण पंधरवड्यात सगळे हाताबाहेर गेले. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या, तेव्हा वैमानिकांना सीमा ओलांडून रुमानियात जाण्याचा हुकूम मिळाला. तिथल्या छावण्यांतून निसटून ते मिळेल त्या वाटेने फ्रान्सला पोहोचले, आणि जून १९४० मध्ये फ्रान्सही पडल्यावर बोटींतून ब्रिटनला. त्या वेळी पोलिश सैनिकांत ब्रिटनला ‘शेवटच्या आशेचे बेट’ म्हणत असत.

जर्मनीचे ब्रिटनवर हवाई हल्ले चालू असताना, म्हणजे ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या लढाईच्या काळात, २ ऑगस्ट १९४० रोजी लंडनच्या पश्चिमेला नॉर्थोल्ट विमानतळावर ३०३ स्क्वाड्रन स्थापन झाली. त्यानंतर तीनच दिवसांनी झालेल्या करारात, ही स्क्वाड्रन ब्रिटिशांच्या आज्ञेत लढणार असली तरी ती पोलंडच्या सार्वभौम हवाई दलाचा भाग राहील, असे मान्य करण्यात आले. हे कलम विसरता कामा नये. हे लोक ब्रिटिशांचे भाडोत्री सैनिक नव्हते, त्यांचे सरकार लंडनमध्ये बसले होते आणि ब्रिटन त्या सरकारला मान्यता देत होते.

सुरुवातीला ब्रिटिश अधिकाऱ्यांचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. दोनदा हरलेली माणसे, इंग्रजीचा गंध नाही, विमाने वेगळी. त्यामुळे प्रत्येक पदावर दोन-दोन माणसे नेमण्यात आली. स्क्वाड्रनचे ब्रिटिश प्रमुख रोनाल्ड केलेट हे पेशाने शेअर दलाल आणि हौशी राखीव वैमानिक होते, त्यांच्या बरोबरीने पोलिश प्रमुख झ्जिस्वाव क्रास्नोदेम्ब्स्की. केलेट आणि दुसरे अधिकारी अ‍ॅथोल फोर्ब्स पोलिशांशी फ्रेंचमधून बोलत. कॅनडाचे जॉन केंट यांना फ्रेंचही धड येत नव्हते, म्हणून ते उड्डाणाला लागणारे पोलिश शब्द उच्चाराप्रमाणे रोमन लिपीत उतरवून जवळ बाळगत. वैमानिकांना नियंत्रण कक्षाच्या इंग्रजी सूचना पाठ व्हाव्यात म्हणून मैदानात तीनचाकी सायकली आणल्या गेल्या. त्यांवर रेडिओ आणि होकायंत्र बसवून, ज्यांनी दोन देशांच्या आकाशात लढाई केली होती अशा बाप्यांना दिशा-वेगाच्या सूचनांनुसार सायकल हाकायला लावले. त्यांच्या मनाला ते किती झोंबले असेल, याची कल्पना करता येते.

पण ही सावधगिरी अगदीच अनाठायी होती, असेही म्हणता येत नाही. फ्रेंच विमानात इंजिनाची शक्ती वाढवायची तर दांडा मागे ओढावा लागे, हरिकेनमध्ये तो पुढे ढकलावा लागे. किलोमीटर आणि मीटरच्या जागी मैल आणि फूट आले होते. शिवाय आयुष्यभर स्थिर चाकांची विमाने उडवलेल्या माणसाला उतरण्यापूर्वी चाके बाहेर काढायची आठवण राहणे कठीणच होते, आणि त्यामुळे काही विमाने पोटावर उतरलीही. हात एकदा शिकले की विसरत नाहीत, आणि लढाईच्या क्षणी माणूस डोक्याने नव्हे, हातानेच विचार करतो, हे यंत्रावर काम केलेल्या कोणालाही पटेल.

३० ऑगस्टला स्क्वाड्रन अजून प्रशिक्षणातच होती. सेंट ऑल्बन्सच्या आसपास ब्रिटिश ब्लेनहाइम विमानांबरोबर सराव चालू असताना लुद्विक पाश्किएविच यांना दूरवर शत्रूची विमाने दिसली. त्यांनी रेडिओवर केलेटना तसे कळवले, उत्तर आले नाही, तेव्हा ते रांग सोडून सरळ त्या दिशेने गेले आणि एक जर्मन विमान पाडून परतले. बेशिस्तीबद्दल त्यांना कानउघाडणी ऐकावी लागली आणि पहिल्या यशाबद्दल अभिनंदनही त्याच दमात झाले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३१ ऑगस्टला, स्क्वाड्रन प्रत्यक्ष लढाईस योग्य असल्याचे जाहीर करण्यात आले, आणि त्याच संध्याकाळच्या पहिल्या उड्डाणात तिने सहा मेसरश्मिट ही जर्मन लढाऊ विमाने पाडल्याची नोंद झाली.

पुढच्या सहा आठवड्यांतले आकडे इतके मोठे आहेत, की ते देताना जरा जपून बोलले पाहिजे. एकट्या ७ सप्टेंबरला, लंडनवर मोठी बॉम्बफेक सुरू झाली त्या दिवशी, स्क्वाड्रनच्या नावावर १४ विमाने लागली. ११ ऑक्टोबरपर्यंतच्या ४२ दिवसांत हा आकडा १२६ वर गेला. नॉर्थोल्टचे तळप्रमुख स्टॅन्ली व्हिन्सेंट यांचाही त्यावर विश्वास बसेना. स्वतः पहिल्या महायुद्धातले वैमानिक असल्यामुळे त्यांनी एके दिवशी विमान काढले आणि ते या स्क्वाड्रनच्या मागोमाग गेले. पोलिश वैमानिक शत्रूला जवळजवळ धडकतील इतके जवळ जाऊन मग गोळ्या झाडतात, हे डोळ्यांनी पाहून परतल्यावर त्यांनी दाव्यांबद्दल पुन्हा शंका घेतली नाही. तरीही युद्धानंतर दोन्ही बाजूंची कागदपत्रे ताडून पाहिली गेली तेव्हा १२६ हा आकडा बराच खाली आला. हवाई लढाईत एकाच विमानावर दोघे-तिघे गोळ्या झाडतात, धूर सोडत ढगात शिरलेले विमान घरी पोहोचते, आणि त्यामुळे त्या उन्हाळ्यातल्या सर्वच स्क्वाड्रनचे, जर्मनांचे तर विशेषच, दावे फुगलेले होते. महत्त्वाचे हे की सर्वांचे आकडे सारख्याच कठोरपणे तपासूनही हरिकेन उडवणाऱ्या स्क्वाड्रनमध्ये ३०३ पहिलीच राहते. आपल्याकडच्या काही लेखांत १२६ चा आकडा अंतिम सत्य म्हणून दिला जातो, तसे करू नये. या माणसांचे मोठेपण त्या आकड्याच्या आधाराने उभे नाही.

त्यांच्या यशाचे कारणही शौर्यापुरते मर्यादित नव्हते. १९३९ पूर्वीच्या पोलिश प्रशिक्षणात रेडिओवरून कोणी मार्ग दाखवील असे गृहीतच धरलेले नव्हते, त्यामुळे वैमानिकाची मान सतत फिरती असे आणि शत्रू त्याला आधी दिसे. जुन्या विमानावरच्या बंदुका दुबळ्या असल्यामुळे अगदी जवळ गेल्याशिवाय उपयोगच नसे. तीच सवय आठ बंदुकांच्या हरिकेनला जोडली गेली, तेव्हा परिणाम भयंकर झाला. शिवाय हे नवशिके पोरगे नव्हते. त्यांच्यापैकी अनेकांच्या गाठीशी शेकडो तासांचे उड्डाण होते, आणि त्याच महिन्यांत ब्रिटिश स्क्वाड्रनमध्ये थेट प्रशिक्षण शाळेतून आलेली मुले पहिल्या-दुसऱ्या उड्डाणातच मारली जात होती. जमिनीवर पोलिश मेकॅनिक रात्रभर राबून गोळ्यांनी चाळण झालेली विमाने पहाटेपर्यंत उभी करत, त्यांची नावे मात्र कुठल्याच यादीत ठळक अक्षरांत येत नाहीत.

या यशाची किंमत फार मोठी होती. ६ सप्टेंबरला क्रास्नोदेम्ब्स्की यांच्या विमानाने पेट घेतला, ते भयंकर भाजले आणि त्यांच्यावर कित्येक महिने शस्त्रक्रिया चालल्या. त्यांची जागा व्हितोल्द उर्बानोविच यांनी घेतली. ज्यांनी पहिले विमान पाडले ते पाश्किएविच २७ सप्टेंबरला मारले गेले. त्याच्या आदल्याच दिवशी राजे सहावे जॉर्ज नॉर्थोल्टला भेट द्यायला आले होते, आणि त्यांची भेट चालू असतानाच स्क्वाड्रनला उड्डाणाचा आदेश आला होता. या स्क्वाड्रनमधला सर्वांत यशस्वी वैमानिक पोलिश नव्हता, तो योसेफ फ्रांतिशेक नावाचा चेक सार्जंट होता. रांगेत राहणे त्याला जमतच नसे, म्हणून त्याला ‘पाहुणा’ समजून एकट्याने शिकारीला जाऊ देण्याची तडजोड करण्यात आली. त्याच्या नावावर १७ विमाने आहेत. ८ ऑक्टोबरला, लढाईत नव्हे तर तळाकडे परतताना, लंडनच्या दक्षिणेला त्याचे विमान कोसळले आणि तो गेला. त्या उन्हाळ्याच्या लढाईत एकूण १४५ पोलिश वैमानिक होते. त्यांच्याबद्दल आधी साशंक असलेले ब्रिटिश लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी पुढे लेखी कबुली दिली, की पोलिश स्क्वाड्रन नसत्या तर लढाईचा निकाल हाच लागला असता असे म्हणायला आपण धजत नाही.

त्यानंतरची चार वर्षे मी झपाट्याने ओलांडतो, कारण ती इतर कोणत्याही चांगल्या स्क्वाड्रनसारखीच आहेत. १९४१ च्या सुरुवातीला स्पिटफायर विमाने आली, फ्रान्सच्या किनाऱ्यावर रोजची उड्डाणे झाली. ऑगस्ट १९४२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दिएपच्या लढाईत स्क्वाड्रन उतरली, तेव्हा तिचे प्रमुख यान झुम्बाख होते. त्यांच्या विमानावर डोनाल्ड डकचे चित्र रंगवलेले असे. युद्धाच्या अखेरीस मस्टँग विमाने मिळाली. या काळातली एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे. परक्या सत्तेखाली असलेल्या विल्नो शहरात काही पोलिश स्त्रियांनी चोरून हवाई दलासाठी एक ध्वज भरतकाम करून तयार केला, आणि तो दूरदूरच्या वाटांनी, गुप्तपणे, १९४१ मध्ये ब्रिटनला पोहोचला. ‘प्रेम त्याग मागते’ असे शब्द त्यावर आहेत. तो ध्वज एका स्क्वाड्रनकडून दुसरीकडे आळीपाळीने फिरत असे, आणि युद्ध संपल्यावर तो वॉर्सॉला घेऊन जायचा असा सर्वांचा संकल्प होता.

युद्ध संपण्यापूर्वीच ते अशक्य झाले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवली. पोलंडचा प्रतिनिधी त्या बैठकीत नव्हता. ज्या ल्वूव शहरात कोश्चुश्को तुकडी जन्मली आणि ज्या विल्नो शहरात ध्वज विणला गेला, ती दोन्ही शहरे सोव्हिएत संघात गेली. वळिवड्यातल्या बहुतेक कुटुंबांची गावेही त्याच पट्ट्यात होती. म्हणजे ‘मायदेशी परतणे’ याचा त्यांच्या बाबतीत शब्दशः अर्थ असा होत होता, की ज्या राजवटीने त्यांना गाडीत कोंबून सायबेरियाला नेले तिच्याच हद्दीत पुन्हा जायचे, नाहीतर पोलंड नावाच्या, पण त्यांनी कधी न पाहिलेल्या, दुसऱ्याच मुलखात नवे बस्तान मांडायचे. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सॉमधील मॉस्कोधार्जिण्या सरकारला दिली. ३०३ स्क्वाड्रन ज्या सरकारच्या नावाने लढत होती ते सरकार, ज्यांच्या बाजूने ती लढली होती त्यांच्याच दप्तरी, एका रात्रीत नाहीसे झाले.

८ जून १९४६ रोजी लंडनमध्ये विजयाचे भव्य संचलन झाले. अनेक देशांच्या तुकड्या त्यात चालल्या, भारतीय सैनिकही होते. ब्रिटनने निमंत्रण वॉर्सॉच्या नव्या सरकारला पाठवले होते, तिथून कोणी आले नाही. ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या पोलिश सैन्याला सैन्य म्हणून बोलावणेच नव्हते. बराच गवगवा झाल्यावर, १९४० च्या लढाईतल्या २५ पोलिश वैमानिकांनी ब्रिटिश हवाई दलाबरोबर चालावे, असे सुचवण्यात आले. आमच्या पायदळाला आणि नौदलाला वगळून आम्ही चालणार नाही, म्हणून वैमानिकांनी नकार दिला. ज्यांनी हा निर्णय घेतला त्या ब्रिटिश सरकारची अडचण मला कळते. युद्धाने कंगाल झालेल्या देशाला स्टालिनला दुखवायचे नव्हते. परंतु अडचण कळली म्हणून ती कृती योग्य ठरत नाही, आणि ब्रिटनमधल्याही पुष्कळ लोकांना त्या वेळीच तिची शरम वाटली होती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नॉरफोकमधील हेथेल विमानतळावर, ३०३ स्क्वाड्रन विसर्जित करण्यात आली. शांततेच्या काळात स्क्वाड्रन मोडणे ही एरवी नेहमीची गोष्ट आहे. विमाने कमी होतात, पैसा कमी होतो, क्रमांक राखून ठेवला जातो आणि पुढे कधीतरी नव्या विमानांसह तो पुन्हा दिला जातो. भारतीय हवाई दलात याची उदाहरणे वाचकांनी अलीकडेच पाहिली आहेत, अंबाल्याच्या ‘गोल्डन ॲरोज’ स्क्वाड्रनला मोडल्यावर तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, राफेलसाठी पुन्हा उभे केले गेले. ३०३ च्या बाबतीत क्रमांक राखून ठेवणारेच कोणी नव्हते. ब्रिटिशांच्या लेखी ती परक्यांची होती, आणि वॉर्सॉच्या लेखी ती शत्रूच्या पदरी राहिलेली होती. सप्टेंबर १९४६ मध्ये वॉर्सॉने जनरल आंदेर्स यांच्यासह ७० हून अधिक वरिष्ठ अधिकाऱ्यांचे नागरिकत्वच काढून घेतले होते, त्यावरून खालच्या माणसांनी काय समजायचे ते समजले.

स्क्वाड्रनमधल्या माणसांचे पुढे काय झाले, ते पाहिले म्हणजे ‘परतले’ या शब्दाची वासलात लागते. चेहरा आणि हात भाजलेले क्रास्नोदेम्ब्स्की दक्षिण आफ्रिकेत गेले, मग कॅनडात, आणि तिथेच वारले. उर्बानोविच यांनी मधल्या काळात चीनमध्ये अमेरिकन हवाई दलाबरोबर जपान्यांशी लढाई केली होती. युद्धानंतर ते पोलंडला गेले, तिथे त्यांना अटक झाली, सुटका होताच ते अमेरिकेला निघून गेले आणि कायमचे तिकडेच राहिले. झुम्बाख यांनी पुढे तस्करीपासून आफ्रिकेतल्या भाडोत्री वैमानिकगिरीपर्यंत नाना उद्योग केले, त्यांत काटांगा आणि बियाफ्रा या तिथल्या फुटीर प्रांतांची नावे येतात. ज्यांच्या कारकिर्दीत स्क्वाड्रन मोडली ते शेवटचे प्रमुख व्हितोल्द वोकुचेव्स्की मात्र १९४७ मध्ये खरोखरच पोलंडला परतले. त्यांना सैन्यातून दूर ठेवण्यात आले आणि १९५६ नंतर वारे बदलल्यावर पुन्हा घेण्यात आले. दैवाचा खेळ असा, की पुढे तेच कम्युनिस्ट पोलंडचे लष्करी प्रतिनिधी म्हणून लंडनच्या दूतावासात गेले. बाकीच्या शेकडो सामान्य वैमानिकांनी आणि मेकॅनिकांनी ब्रिटनमध्येच गिरण्या, खाणी, गॅरेज यांत काम धरले. ब्रिटनने १९४७ मध्ये खास कायदा करून दोन लाखांहून अधिक पोलिश सैनिकांना व त्यांच्या कुटुंबांना राहण्याची सोय करून दिली, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे. विल्नोचा तो ध्वज अखेर १९९२ मध्ये पोलंडला पोहोचला. कोश्चुश्कोचे बोधचिन्हही पोलिश हवाई दलात, वॉर्सॉजवळच्या मिन्स्क माझोविएत्स्की तळावर, पुन्हा विमानांवर आले.

आता वळिवड्याकडे येतो. छावणी १९४७-४८ मध्ये रिकामी झाली, ती याच कायद्यामुळे आणि याच कारणांनी. ज्यांचे बाप, नवरे किंवा मुलगे सैन्यात होते अशी कुटुंबे मोठ्या संख्येने ब्रिटनला गेली. काही पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत गेली, काही पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी पांगली. पोलंडला जाणारेही होते, पण ते थोडे होते. म्हणूनच या छावणीत वाढलेली माणसे पुढे उतारवयात कोल्हापूरला भेट द्यायला आली, तेव्हा त्यांतले बरेचजण इंग्लंडहून आले. रिकाम्या झालेल्या बराकींत मग सिंधमधून आलेली कुटुंबे राहायला आली, त्यांचेही घर एका नव्या सीमेच्या पलीकडे राहिले होते, आणि त्या वस्तीचे आजचे नाव गांधीनगर. गांधीनगरात कापड घ्यायला जाणाऱ्या आपल्या वाचकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे. लेखात या वस्तीचा उल्लेखच नाही, ही माझी दुसरी, लहानशी तक्रार समजावी.

लेखकाच्या अभ्यासाविषयी किंवा हेतूविषयी माझ्या मनात किंतु नाही. महावीर उद्यानातील स्मारकापाशी दरवर्षी काही ना काही कार्यक्रम होतात, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सॉतील कोल्हापूर स्मारकाला भेट दिल्यापासून या विषयाबद्दलचे कुतूहल वाढले आहे, आणि शाळांतली मुले अशा लेखांची कात्रणे काढून ठेवतात. मी शिकवत असताना माझ्या वर्गातही ती येत असत. म्हणून आपण पुढच्या रविवारी चार ओळींचा खुलासा छापावा, अशी विनंती आहे. त्याचा मजकूर सुचवण्याचे धाडस करतो: ‘मागील अंकातील लेखात वळिवडे छावणीतील पोलिश निर्वासित युद्धानंतर मायदेशी परतल्याचे म्हटले होते. त्यांच्यापैकी बहुतेकांची गावे १९४५ नंतर सोव्हिएत संघात गेल्यामुळे आणि पोलंडमध्ये सोव्हिएत वर्चस्वाखालील सरकार आल्यामुळे बहुसंख्य निर्वासित परतू शकले नाहीत. ते प्रामुख्याने ब्रिटनमध्ये व इतर देशांत स्थायिक झाले.’

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर